चार आसनांची बस

गेल्या महिन्याच्या एकोणीस तारखेला आमची घरची मोटार सरकारदरबारी बस म्हणून नोंदली गेली.

तसं काही झालेलं नाही. वरचं वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजावं, कारण या विषयावर घरात बोलायचं नाही असं आमचं ठरलं आहे आणि ठरलेलं मी पाळतो. आमच्याकडे एक मोटार आहे, तिला चार दारं आहेत आणि ती बस नाही. तिच्या पुढच्या काचेवर जी पाटी दिसते ती बघणाऱ्याच्या डोळ्यांचा दोष आहे. आता मूळ मुद्द्याकडे वळतो. मूळ मुद्दा पेट्रोल हा आहे.

पेट्रोल महागलं, ही आमच्याकडे बातमी राहिलेली नाही. पूर्वी मी पंपावर गेलो की ऐटीत ‘फुल्ल कर’ म्हणायचो. मग रक्कम सांगू लागलो. मग असा दिवस उजाडला की मी रक्कम सांगितल्यावर पंपावरचा माणूस नळी हातात धरून तसाच उभा राहिला आणि म्हणाला, “बरं, आणि?” आणि काही नव्हतं. तेवढंच होतं. त्याने ते ज्या हळुवारपणे टाकीत सोडलं, त्याच हळुवारपणे आजारी माणसाला चमच्याने औषध देतात.

गाडी न काढावी तर ऑफिस नऊ किलोमीटरवर. आमच्या वसाहतीची बस चार वर्षांपूर्वी बंद झाली, कारण तिच्यात कुणी बसत नव्हतं. कुणी बसत नव्हतं, कारण ती येत नव्हती. मोठ्या रस्त्यापर्यंत अर्धा तास चालत गेलं तर तिथे दुसरी बस मिळते, पण ती आपल्या मर्जीने येते आणि माझ्या ऑफिसची वेळ साहेबांच्या मर्जीने चालते. मी एका विमा कंपनीत दावे नाकारण्याच्या विभागात आहे. विभागाचं अधिकृत नाव ‘दावे पडताळणी’ असं आहे. तिथे मी उमेदवारीवर होतो, उमेदवारी संपायला एकच महिना उरला होता आणि नियम असा की शेवटच्या महिन्यात तीन लेट मार्क लागले तर ती आणखी सहा महिने वाढते. माझी एकदा वाढून झाली होती. या खेपेस कायम झालो असतो तर पगार वाढून निदान पेट्रोलच्या तोंडाला तोंड देण्याइतका झाला असता. तेव्हा साडेनऊच्या आत पोचणं, तेही परवडेल अशा रीतीने, एवढंच माझं त्या महिन्यातलं जीवितध्येय होतं. इतकं लहान ध्येय ठेवणाऱ्याला नशीब सोडून देईल, अशी माझी समजूत होती.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त बसचालक राहतात. त्यांना सगळे ‘अनुभवी काका’ म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य ‘मला अनुभव आहे’ इथून सुरू होतं. त्यांनी मला जिन्यात गाठून पेट्रोल वाचवण्याचे उपाय सांगितले. पेट्रोल पहाटे भरावं, गारव्याने ते दाट असतं. गाडी अनवाणी चालवावी, पाय हलका पडतो. उतारावर इंजिन बंद करावं. आमच्या रस्त्याला उतार नाही हे मी नम्रपणे दाखवून दिलं. तेव्हा ते म्हणाले की उतार असतोच, मनाने घ्यावा लागतो. मी तीन दिवस पहाटे पेट्रोल भरलं, अनवाणी चालवलं. पेट्रोल तेवढंच लागलं, शिवाय मला सर्दी झाली.

मग बाबांनी लक्ष घातलं.

बाबा वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होते. त्यांच्या मते महागाई वगैरे काही नसते, कुणीतरी मापात मारत असतं. त्यांनी माळ्यावरून पाच लिटरचं पितळी प्रमाण-माप काढलं, पुसलं आणि मला घेऊन ते पंपावर गेले. मागे गाड्यांची रांग हॉर्न वाजवत असताना त्यांनी माप जमिनीवर ठेवलं, त्याची पातळी तपासली आणि खाली वाकून एक डोळा मिटला. पेट्रोल कमी नव्हतं. उलट दहा मिलिलिटर जास्त होतं. चौतीस वर्षांच्या सेवेत इतकं निराश मी त्यांना पाहिलं नव्हतं. पण नियम दोन्ही बाजूंनी असतो म्हणून त्यांनी आईच्या औषधाच्या मापाने ते दहा मिलिलिटर परत दिलं. पंपावरच्या माणसाने ते कशात घ्यावं हे न कळून शेवटी ओंजळ पुढे केली.

परतताना बाबा म्हणाले, “माप बरोबर आहे. म्हणजे दोष वापरात आहे. चार आसनं रिकामी नेणं हीच मोठी उधळपट्टी.”

कल्पना चांगली होती, हे मी आजही कबूल करतो. आमच्या इमारतीतून त्याच दिशेला जाणारे तिघं निघाले. एक बँकेतल्या बाई, ज्या गेल्या अकरा वर्षांत कुठल्याही रांगेत मध्ये घुसलेल्या नाहीत. दुसरे तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. तिसरे अनुभवी काका, ज्यांना कुठेच जायचं नव्हतं, पण सकाळी आठ चाळीसला काहीतरी सुटतंय आणि आपण त्यात नाही, हे त्यांना सहन होईना. पैशांचा प्रश्नच नव्हता. आळीपाळीने एकेकाने आठवड्याची टाकी भरायची. मी चालवायचं.

इथे थांबलो असतो तर मी आज सुखी माणूस असतो. पण बाबांच्या खात्यात नोंदवहीशिवाय काही घडलं तर ते घडलं असं मानत नाहीत. त्यांनी वही घातली. भाराचा मायलेजवर परिणाम होतो म्हणून प्रवाशांचं वजन घ्यायला सुरुवात केली. बँकेतल्या बाईंनी पर्ससकट वजन द्यायला नकार दिला आणि पर्सशिवाय द्यायलाही. डॉक्टरांच्या पिशवीत प्लास्टरच्या कवळ्या असायच्या. त्यांचा वेगळा रकाना झाला. आणि कोण कुठे बसणार यावरून वाद नको म्हणून बाबांनी छापखान्यातून चिठ्ठ्यांची पुस्तकं करून आणली. प्रत्येक चिठ्ठीला अनुक्रमांक, स्थळप्रत घरी. त्यावर लिहिलेलं असायचं: ‘मागील आसन, डावी बाजू. ही चिठ्ठी प्रवास संपेपर्यंत जपून ठेवावी व मागणी होताच दाखवावी.’

मागणी कोण करणार, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, कुणी करो न करो, वाक्य असलेलं बरं.

पहिला आठवडा छान गेला. मी रोज नऊ वीसला हजर. साहेबांनी एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं, ही आमच्या विभागात बक्षिसाच्या जवळपासची गोष्ट आहे. त्याच आठवड्यात पेट्रोल आणखी वाढलं आणि ती बातमी ऐकून मला, देवाशपथ सांगतो, थोडा आनंद झाला. माणसाने असा आनंद करू नये.

नऊ तारखेला चौकात वाहतूक निरीक्षकाने हात केला.

गाडीत कोण आहेत, असं त्याने विचारलं. मित्र आहेत, असं मी सांगितलं. त्याने मागे वाकून बावन्न, एकसष्ट आणि सहासष्ट वर्षांच्या माझ्या मित्रांकडे पाहिलं. ओळख कशी, असं त्याने मोघमच विचारलं. डॉक्टर मदतीला धावले आणि म्हणाले की मी यांची दाढ काढली आहे. निरीक्षकाने ते मैत्रीच्या बाजूने धरलं की विरुद्ध, हे कळायच्या आत तो म्हणाला, “काही कागद असेल तर दाखवा.” त्याला गाडीचे कागद हवे होते. पण बँकेतल्या बाईंनी पर्स उघडली, त्यातून घडी न पडलेली चिठ्ठी काढली आणि खिडकीतून पुढे केली. नंतर मी काही विचारलं नव्हतं, तरी त्या म्हणाल्या, “मागणी झाली होती.”

निरीक्षकाने चिठ्ठी उलटसुलट पाहिली. त्याच्या सगळ्या नोकरीत, तो म्हणाला, बिनपरवाना वाहतूक करणारे तिकिटं लपवतात. अनुक्रमांक घालून छापणारे त्याने पहिल्यांदा पाहिले. त्याच्या आवाजात आदर होता. पंचनाम्याला चाळीस मिनिटं लागली. पहिला लेट मार्क.

बारा तारखेला वाहतूक कार्यालयात बोलावणं आलं. मी अर्धा दिवस रजा मागितली. उमेदवारीत अर्धी रजा नसते, अर्धा उशीर असतो, असं मला सांगण्यात आलं. दुसरा लेट मार्क.

बाबा वही घेऊन आणि अनुभवी काका अनुभव घेऊन माझ्याबरोबर आले होते. सहा नंबरच्या खिडकीत एक कारकून होते. बाबांची वही पाहून त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली. पैसे घेता का, असं त्यांनी विचारलं. नाही, एकेक जण टाकी भरतो, बाबा म्हणाले. म्हणजे इंधनरूपाने भाडं, कारकून म्हणाले. बाबा थोडा वेळ विचार करून म्हणाले, तसंच म्हणावं लागेल. मी मधे बोलायला तोंड उघडलं तेव्हा दोघांनीही माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर वाचू लागलो.

मार्ग दोन होते. एक, बिनपरवाना प्रवासी वाहतुकीचा गुन्हा. गाडी तीन महिने त्यांच्या आवारात. कारकुनांच्या पाठीमागच्या खिडकीतून आवार दिसत होतं. तिथे एका मोटारीच्या बोनेटमधून चांगलं गुडघाभर गवत वर आलं होतं. दुसरा मार्ग, ज्या भागातली बस बंद पडली तिथल्यासाठी ‘पर्यायी प्रवासी सेवा’ नावाची योजना. योजना सहा वर्षं जुनी, एकही अर्ज आलेला नाही. वर्षाचं उद्दिष्ट एक, साध्य शून्य. कारकुनांनी कपाटातून फॉर्म काढताना त्यावर चक्क फुंकर मारली.

बाबांनी सही केली. गाडी त्यांच्याच नावावर आहे, त्यांच्या निवृत्तीच्या पैशातली. मी फक्त तिच्यात पेट्रोल घालतो.

आता परवान्याच्या अटी. चालकाकडे प्रवासी वाहनाचा बिल्ला हवा. माझ्याकडे साधा परवाना, म्हणजे मी बाद. मी सुटकेचा श्वास सोडला, कारण बिल्लेवाला चालक आणायचा कुठून? तर अनुभवी काकांनी शर्टाच्या आतल्या खिशातून बिल्ला काढून टेबलावर ठेवला. निवृत्तीनंतरही त्यांनी मुदत संपू दिली नव्हती. का, असं विचारलं तर म्हणाले, “कधी बोलावतील सांगता येत नाही.” कारकुनांनी लगेच बिल्ल्याचा क्रमांक फॉर्मवर उतरवला.

दुसरी अट अशी की परवानाधारकाच्या कुटुंबीयांनी आसन अडवायचं नाही. रांगेतून नंबर लागला तर हरकत नाही.

अशा रीतीने आमच्या गाडीला मार्ग क्रमांक मिळाला, काचेवर पाटी आली आणि फाटकाबाहेर एक खांब रोवला गेला. योजनेत सवलतीचं पेट्रोलही होतं, पण ते ज्या पंपावर मिळायचं तो उलट दिशेला अकरा किलोमीटर. बाबांनी मोजून पाहिलं. जाण्यायेण्यात सवलत संपून वर दोनशे मिलिलिटर तोटा व्हायचा. तरी दर सोमवारी जावं लागे, कारण न गेल्यास सवलत रद्द होणार होती.

काका गाडी बससारखी चालवत. वळणावर आधी उलट्या बाजूला जात, मग सगळा रस्ता घेत. मागे घ्यायची असेल तर कुणीतरी पाठीमागे उभं राहून टपावर थापा मारत ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणावं लागे. त्याशिवाय ते इंचभर हलत नसत. हे काम आईकडे आलं. ती सकाळचा स्वयंपाक अर्धवट ठेवून खाली जायची, थापा मारायची आणि वर येऊन म्हणायची, “लग्नात मला सांगितलं होतं, मुलगा सरकारी नोकरीत आहे. हे नव्हतं सांगितलं.”

पेट्रोल त्या महिन्यात दोनदा वाढलं आणि आमची रांग चारदा. शेजारच्या इमारतींमधले लोक यायला लागले. मागच्या बंगल्यांमधले, ज्यांच्या मोटारींना घरी अंगभर कापडी झबली घातलेली असतात, तेही. पहाटे सहाला नंबर लागायचे. मी बाबांना घरातल्या घरात विचारून पाहिलं, जेवताना, त्यांचा मूड बघून. ते म्हणाले, “मी आयुष्यात भावाच्या दुकानाचा तराजू जप्त केलाय.” विषय संपला. काकांशी आमचे संबंध त्यानंतर सुधारले नाहीत, म्हणजे सख्ख्या काकांशी.

म्हणून मी चालू लागलो. आठला निघायचं, मोठा रस्ता गाठायचा, तिथे बस मिळेल तशी घ्यायची. दहा दिवस मी साडेनऊला एखाद-दोन मिनिटं असताना पोचत होतो. ज्या दिवशी निघायला उशीर होई त्या दिवशी वाटेत मागून आमची गाडी यायची. अनुभवी काका माझ्याजवळ आल्यावर वेग अगदी कमी करत, काच खाली घेत आणि म्हणत, “थांब्याशिवाय थांबता येत नाही, बाळ.” हे नीट समजावून सांगण्यासाठी ते बरंच अंतर माझ्या चालीने चालवत. मागच्या सीटवरून बँकेतल्या बाई सहानुभूतीने पाहत असत. पर्स मांडीवर, चिठ्ठी हातात.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. दोन लेट मार्क खाती जमा, एक दिवस बाकी. मोठ्या रस्त्यावरच्या बसवर हा एक दिवस सोपवायचा नाही असं ठरवून मी पहाटे पावणेपाचला खांबाला जाऊन टेकलो. तरी माझ्या आधी तिघं होते. एकाने घरून खुर्ची आणली होती. चौथी चिठ्ठी मला मिळाली: ‘पुढील आसन, डावी बाजू.’ शेवटची. बाबांनी ती मला इतर कुणालाही दिली असती तशीच दिली, फक्त पेन टोपण लावून खिशात ठेवताना जरा जास्त वेळ घेतला. मला वाटतं, त्यांना बरं वाटलं होतं.

आठ पस्तीसला माझ्या मागे कुणीतरी घसा साफ केला. तो घसा मी ओळखत होतो. मागच्या बंगल्यांमध्ये आमचे साहेब राहतात हे मला तोवर माहीत नव्हतं. हातात डबा, घड्याळाकडे नजर.

“तू इथे राहतोस?”

“हो साहेब.”

“मग तुला उशीर कसा होतो?”

यावर मी महिनाभर बोलू शकलो असतो. पण काकांनी इंजिन सुरू केलं, साहेबांनी पुन्हा घड्याळ पाहिलं आणि माझं तोंड मला न विचारता म्हणालं, “तुम्ही बसा ना साहेब.” आमच्या घराण्यात हा आजार आहे. समोर साहेब उभा असला की आपण बसलेलं दिसू नये. शिवाय, खोटं कशाला सांगू, माझ्या जागेवर बसून गेलेला माणूस मला लाल शेरा कसा मारेल, असा एक हिशेबही मनात होता.

बाबा म्हणाले, चिठ्ठी दुसऱ्याला देता येत नाही. रद्द करून पुढच्याला नवी द्यावी लागेल, आणि रद्द करण्याचं कारण लिहावं लागेल. मी वहीत ‘वैयक्तिक’ असं लिहिलं. चिठ्ठ्या संपताच मागचे लोक पांगले होते, म्हणून पुढचा नंबर साहेबांचाच होता. आईने टपावर थापा मारल्या. आठ चाळीसला, सेकंदाचाही फरक न होता, गाडी गेली.

मी धावलो. मोठ्या रस्त्यावरची बस त्या दिवशी आली नाही, मग आली आणि थांबली नाही, मग दुसरी थांबली. नऊ बावन्नला मी हजेरीच्या टेबलापाशी पोचलो तेव्हा साहेबांनी लाल पेनचं टोपण काढलेलं होतं. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

“तुमच्या भागात इतकी चांगली सेवा आहे,” ते म्हणाले. “वेळेवर. स्वच्छ. चालक मुरलेला. आणि तू पायी फिरतोस.”

“साहेब, ती गाडी आमची आहे.”

“आपलीच आहे. सगळ्यांचीच आहे,” साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. “हीच भावना पाहिजे.”

आणि शेरा मारला. संध्याकाळी पत्र मिळालं. उमेदवारी सहा महिने वाढवली आहे. कारण: ‘घराजवळून नियमित प्रवासी सेवा उपलब्ध असूनही वारंवार उशीर.’

घरी आल्यावर मी पत्र बाबांपुढे ठेवलं. त्यांनी आधी जावक क्रमांक पाहिला, मग मजकूर.

“ते तुझे साहेब होते, हे तू सांगायचं होतंस,” ते म्हणाले.

“सांगितलं असतं तर काय केलं असतंत?”

बाबांनी प्रामाणिकपणे विचार केला. ते नेहमी करतात. “चिठ्ठी त्यांनाच दिली असती,” ते म्हणाले. “पण वाईट वाटलं असतं.” मग उठून आत गेले आणि कोरा कागद व रेघांसाठी पट्टी घेऊन आले. “अर्ज कर. तोंडी बोलण्याला काही अर्थ नसतो. मी शिफारस करू शकत नाही, पण शुद्धलेखन तपासून देईन.”

आई दारात उभी होती. ती म्हणाली, “जेवून घे, मग लिही. आज परत वाढलंय म्हणे.” काय वाढलंय ते कुणी विचारलं नाही.

अर्ज असा आहे.

‘प्रति, मा. अधिकारी, पर्यायी प्रवासी सेवा, खिडकी क्रमांक सहा (बंद असल्यास सात). महोदय, अर्जदार हा परवानाधारकाचा एकुलता मुलगा असून सदर वाहनाच्या निर्धारित चार आसनांपैकी कोणत्याही आसनावर त्याचा हक्क नाही व तो तसा सांगतही नाही. तथापि अर्जदारास पुढील सहा महिने वेळेवर कामावर पोचणे आवश्यक आहे. तरी पेट्रोलचे दर पुन्हा आवाक्यात येईपर्यंत, किंवा अर्जदार सेवानिवृत्त होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, अर्जदारास सदर वाहनातून उभ्याने प्रवास करण्याची परवानगी मिळावी. वाहनाची आतील उंची अपुरी आहे याची अर्जदारास पूर्ण कल्पना असून, तो संपूर्ण मार्गभर वाकून उभा राहण्यास लेखी तयार आहे.’